हाशम वकिलांच्या गाडीचा एक्सल

परवा येडशीच्या रस्त्यानं येताना करडईचं एक वावर दिसलं आणि मी गाडी थांबवायला लावली. पुतणी घाबरली. "काय झालं, आत्या? मळमळतंय का?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, जरा बघू दे. तिला काय दिसणार? रस्त्याकडेला पिवळ्या-नारिंगी फुलांचा एक तुकडा, बाकी सगळा हरभरा. पूर्वी या दिवसांत आमच्या जिल्ह्यात ज्वारीच्या जवळजवळ प्रत्येक वावराला करडईची कड असायची. जनावरं ज्वारीत शिरू नयेत म्हणून हे काट्यांचं कुंपण, आणि वर्षाचं तेलही त्यातूनच. आता सोयाबीन आलं आणि करडई गेली.

थंडी सरत आलेली असायची. सकाळी दवाखान्याच्या पायऱ्या पायाला बर्फासारख्या लागायच्या आणि दुपारी त्याच पायऱ्यांवर बायका सावली शोधत बसायच्या. कुणी हुरडा बांधून आणायचं, कुणी करडईची कोवळी भाजी. भाजी जून झाली की तिला काटे फुटायचे आणि मग त्याच बायका बोटं घेऊन माझ्यापुढं बसायच्या. काटा काढताना हूं की चूं करायच्या नाहीत. मी सोलापूरहून डॉक्टर म्हणून नवीनच आलेली, मला त्याचं नवल वाटायचं. पुढं समजलं, या मुलखातल्या बायकांना न बोलता सोसायची सवयच होती. त्यांतल्या काहींना तर ती सवय नुकतीच, फार वाईट रीतीनं लागली होती.

हा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात आला होता. कागदावर उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, तरी माणसं एखादी गोष्ट सांगताना 'ॲक्शनच्या आधी' आणि 'ॲक्शनच्या नंतर' असंच सांगायची. लग्नं, बाळंतपणं, विहिरी, सगळं त्या एका भादव्याच्या अलीकडं नाहीतर पलीकडं. पोलीस ॲक्शन म्हणजे हिंदी फौज संस्थानात शिरली ते दिवस. फौज पुढं गेली आणि तिच्या मागं गावोगाव काय काय झालं, ते मात्र कुणी सांगायचं नाही. मी विचारलं की माणसं बैलाच्या वेसणीकडं बघायला लागायची.

माझ्याकडं मोटार होती. वडील सोलापूरच्या एका गिरणीत यंत्रं सांभाळायचे. त्यांनी कुणा परत जाणाऱ्या गोऱ्या साहेबाकडून ती जुनी विलायती गाडी घेतली आणि माझी नेमणूक झाली तेव्हा मला देऊन टाकली. काळी, दोन दारांची, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेली. "बाई गाडी हाकतीया," म्हणून पोरं मागं धावायची. मला मात्र त्या गाडीची चैन नव्हती, गरज होती. आदल्या वर्षी एकदा गाडी बंद पडली म्हणून एका बाळंतिणीकडं मी बैलगाडीनं निघाले होते आणि पोचले तेव्हा तिच्या अंगावर चादर ओढलेली होती. त्यानंतर मी गाडीची निगा घरच्या माणसासारखी राखायला लागले.

त्या दिवशी ईट गावाहून बाळंतपण उरकून परत येत होतो. मी आणि दवाखान्यातली आया सखू. धाराशिव तीन-चार कोसांवर राहिलं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, त्यामुळं सखू खुशीत होती, पदरात बांधलेले भाजके हरभरे खात होती. उतार लागला. मागून कडकन काहीतरी मोडल्याचा आवाज आला. गोळी सुटावी तसा. मी ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत आमच्या डाव्या अंगानं एक चाक आमच्या पुढं निघून गेलं.

सखू त्या चाकाकडं बघत म्हणाली, "बाई, ते चाक कुणाचं ओ?"

तेवढ्यात गाडी डाव्या मागल्या कोपऱ्यावर बसली आणि रस्ता खरडत, ठिणग्या उडवत थांबली. चाक तसंच उड्या मारत पुढं गेलं, बांधावर आपटलं आणि करडईच्या कडेत शिरून दिसेनासं झालं. आपल्याच गाडीचं चाक आपल्याला मागं टाकून निघून जातं, हे डोळ्यांनी बघूनही खरं वाटत नव्हतं.

वावरातून एक शेतकरी चाक ढकलत बाहेर आला. हातभर ओरखडे. "लई तावात आलं की ओ तुमचं चाक!" म्हणाला. "माझी म्हातारी तितंच बसली व्हती. दोन हात अलीकडनं गेलं." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्याला दया आली असावी. "आसंल, आसंल. म्हातारीला कायबी न्हाय झालं. पानी प्या."

त्यानंच बैल जोडले. गाडीच्या मोडक्या कोपऱ्याखाली बाभळीचा ओंडका बांधला आणि ओढत, घासत गाडी गावात आणली. सगळं धाराशिव बघायला जमलं होतं.

गुंडू मिस्त्रीचं दुकान म्हणजे एसटी स्टँडाजवळ एका लिंबाखाली चार पत्रे. निजामाच्या काळात त्यानं बस चालवली होती. भलामोठा माणूस, बोलायला लागला की थांबायचा नाही. त्यानं गाडी बघितली आणि मला समजावून सांगितलं. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक लोखंडी घर असतं. त्यात मधोमध दात्यांची चाकं आणि तिथून डावीकडं एक, उजवीकडं एक असे दोन पोलादी दांडे निघतात. चाकं त्या दांड्यांच्या टोकांवर बसतात. इंजिनाचं बळ त्या दांड्यांतून चाकांत जातं. त्यालाच एक्सल म्हणायचं. माझ्या गाडीचा डावा दांडा चाकाजवळच्या टोकाला तुटला होता आणि चाक सुटून गेलं होतं.

"नवा कुठं मिळेल?"

"सोलापुरात न्हाय. मुंबैस्नं मागवायचा. तितंबी न्हाय मिळाला तर विलायत." मग तो आवाज बारीक करून म्हणाला, "याच जातीची दुसरी गाडी गावात हाय. अशीच्या अशी. पर ती मिळायची न्हाय."

"कुणाची?"

"हाशम वकिलांची."

गुंडू मिस्त्रीनं तेवढंच सांगितलं, पण मला पुढचं ठाऊक होतं. गावात येऊन आठवडा झाला नसेल तोच शाळेच्या हेडमास्तरांनी मला ती गोष्ट सांगितली होती. हाशम वकील मोठे नावाजलेले. सगळ्या जातीचे अशील त्यांच्याकडं यायचे. ॲक्शनच्या आधीच्या वर्षात त्यांच्याच धर्माची काही माणसं हत्यारं घेऊन माजली, तेव्हा त्यांनी त्यांना भर चौकात सुनावलं होतं. पुढं वारं फिरलं. बाहेरगावचे जमाव यायला लागले, तेव्हा लोक त्यांना म्हणाले, वकीलसाहेब, तुमच्याकडं मोटार आहे, निघून जा. ते म्हणाले, "मी काय चोरी केली आहे? हे माझं गाव आहे." बायकोला आणि मुलीला त्यांनी शेजारच्या पाटलीणबाईंच्या कडब्याच्या खोलीत लपवलं आणि स्वतः ओसरीवर खुर्ची टाकून बसले. जमाव आला आणि त्यांना घेऊन गेला. त्यानंतर त्यांना कुणी पाहिलं नाही. माती द्यायलासुद्धा काही मिळालं नाही. हेडमास्तर हे सांगताना दरवेळी चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "दारात मोटार उभी असताना गेले नाहीत हो! असा माणूस."

त्या माणसाच्या गाडीचा सुटा भाग मागायला जायचं म्हणजे समाधीची वीट मागण्यासारखं होतं. पण माझ्यापुढं दुसरा रस्ता नव्हता. त्या महिन्यात बाळंतपणासाठी दवाखान्यात नाव घालून गेलेल्या बायका दूरदूरच्या खेड्यांतल्या होत्या.

वकिलांच्या बायकोचं नाव रुकय्याबी. पस्तीस-छत्तीस वय असेल, पण केस पांढरे. मुलगी सुरय्या सोळा-सतरा वर्षांची, तरतरीत, शाळेत पहिली येणारी. मी जमेल तेवढ्या आडवळणानं विषय काढला. पहिल्यांदा सुरय्याच उसळली. "अब्बांच्या गाडीला कुणी हात लावायचा नाही. लोक बघायला येतात ती गाडी."

रुकय्याबी माझ्याकडं बघत होत्या. "बाळंतिणींसाठी?"

"हो."

"न्या."

"अम्मी!"

"न्या म्हटलं ना. पाहिजे तर सगळी न्या." मग माझ्याकडं वळून, हळू आवाजात, पण असं बोलल्या की मी दचकले. "डॉक्टरबाई, लोकांना वाटतं मी त्या गाडीला जपते. ती दिसली की माझं डोकं भडकतं. दारात उभी होती. मी पाया पडले होते त्यांच्या. नुसतं बसायचं होतं आणि निघायचं होतं. पण नाही. त्यांना इज्जत पाहिजे होती. मी आणि पोर गवतात तोंड खुपसून पडलो होतो आणि हे खुर्चीवर बसले. मर्द होते ना!"

सुरय्या उठून आत गेली. सगळं गाव ज्याच्यासाठी हात जोडत होतं, त्याच गोष्टीसाठी ही बाई नऊ वर्षं नवऱ्यावर धुमसत होती. आणि ते तिनं कुणाला कळूही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडू मिस्त्री हत्यारं घेऊन आला. रुकय्याबी परद्यात राहायच्या. मागच्या दाराला बांबूच्या कामट्यांचा, चिकाचा पडदा होता, त्याच्याआड त्या आणि सुरय्या बसल्या. मी अंगणात स्टूल घेऊन. पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी उभी होती. माझीच गाडी, पण मेलेली. टायर बसलेले, काचांवर धुळीचा थर, मागच्या सीटवर कोंबडीनं घातलेलं अंडं. डावी बाजू भिंतीला लागून होती, म्हणून मिस्त्रीनं उजवी आधी खोलायला घेतली. दोन्हीकडचे दांडे सारखेच, कुठलाही चालतो, म्हणाला.

जॅक लावून गाडी उचलली. चाक काढलं. मधला नट गंजून घट्ट झाला होता. पान्यावर लांब नळी चढवून, तिच्यावर सगळं वजन टाकून मिस्त्री लोंबकळला तेव्हा तो कर्रर्र करत सुटला. मग ड्रम काढायचा, त्यामागचं झाकण सोडायचं आणि बेअरिंगसकट दांडा सरळ बाहेर ओढायचा. मिस्त्रीचं तोंड चालूच होतं. ही गाडी केवढी मजबूत, तेव्हाचं पोलाद, आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. दांडा हलवायला हातोडा लागेल म्हणून त्यानं तो हाताशी ठेवला होता. हातोडा लागलाच नाही. नुसतं धरून ओढल्याबरोबर दांडा सर्रकन हातात आला. इतका सहज, की तो भारी माणूस मागं बसला.

त्याचं बोलणं थांबलं.

दांड्याच्या आतल्या टोकाला दाते असतात. ते मधल्या चाकात अडकतात. या दांड्याला दाते नव्हते. टोक मोडलेलं होतं. मिस्त्रीनं एक वाकडी तार घेतली, त्या लोखंडी घरात घातली, बराच वेळ खटपट केली आणि टोकाचा तुटका तुकडा बाहेर काढला. जुन्या काळ्या तेलात माखलेला. दोन्ही तुकडे त्यानं फडक्यानं पुसले आणि एकमेकांना लावून पाहिले. बरोबर बसले. मी डॉक्टर, मोडलेली हाडं मी पाहिली होती. तेलात बुडून राहिल्यामुळं ती मोड गंजली नव्हती. खडीसाखरेसारखी दाणेदार चमकत होती.

"म्हणजे काय, मिस्त्री?" मी विचारलं.

तो पडद्याकडं पाठ करून अगदी हळू म्हणाला, "बाई, ही गाडी आतनं तुटल्याली हाय. भायेरनं कळायचं न्हाय. चाक जागच्या जागी, इंजान चालू व्हनार, गियर पडनार. पर गाडी वीतभर हालायची न्हाय. नुसती बोंबलत ऱ्हानार."

तो कितीही हळू बोलला तरी अंगण लहान होतं. पडद्यामागून रुकय्याबींचा आवाज आला. "कधी तुटलं?"

मिस्त्री गडबडला. "ते कसं सांगू, बीबी. लई जुनं हाय."

"तुटल्यावर गाडी अजिबात चालत नाही?"

"न्हाय."

"आदल्या दिवशी संध्याकाळी ते याच गाडीतून तुळजापूरच्या कोर्टातून आले होते."

आणि मग पडदा सरकला आणि रुकय्याबी अंगणात आल्या. डोक्यावरची ओढणी खांद्यावर आलेली, पांढरे केस उघडे, पायात काही नाही. गुंडू मिस्त्रीनं झटकन मान फिरवून भिंतीकडं तोंड केलं. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. त्या गाडीजवळ गेल्या आणि जमिनीवर ठेवलेले ते दोन तुकडे बघत उभ्या राहिल्या.

"मी आत होते," त्या बोलायला लागल्या. कुणाशी बोलत होत्या कोण जाणे. "पहाटे फजरची नमाज झाली होती. मी पाया पडले, म्हटलं, पोरीसाठी तरी चला. हे उठून बाहेर गेले. गाडी चालू केल्याचा आवाज आला. मला वाटलं ऐकलं माझं. मी पोरीला बुरख्यात घेतलं, गाठोडं उचललं. मग बाहेर काहीतरी कडाड् वाजलं. मी घाबरले, म्हटलं बंदूक उडाली. पण गाडी चालूच होती. मोठमोठ्यानं ओरडत होती. थांबायची, परत ओरडायची. थांबायची, परत ओरडायची. किती वेळ! मग बंद झाली. हे आत आले. घामानं सदरा ओला. मी विचारलं, काय झालं? माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, 'नाही जायचं. आपण का पळायचं? आपण काय चोरी केली?'"

त्या खाली बसल्या. तेलकट तुकडा त्यांनी हातात घेतला.

"निघाले होते," त्या म्हणाल्या. "या अल्ला. हे निघाले होते. माझं ऐकलं होतं त्यांनी."

मी इतकी वर्षं दवाखान्यात काढली, माणसांना नको त्या बातम्या दिल्या, पण तसा चेहरा पुन्हा पाहिला नाही. दुःख म्हणावं तर ते नव्हतं. आनंद तर नव्हताच. नऊ वर्षं मुठीत घट्ट धरलेली एखादी वस्तू कुणी एकदम काढून घ्यावी आणि मूठ तशीच वळलेली राहावी, तसं काहीतरी. मला ऐकलेलं सगळं आठवत गेलं. हेडमास्तरांचा चष्मा पुसणं, ओसरीवरची ती खुर्ची, दारात उभी असलेली मोटार. दारात मोटार उभी होती हे खरं, पण ती जाऊ शकत नव्हती. 'मी काय चोरी केली आहे?' या वाक्यामागं, ज्या वाक्यावर सारं गाव छाती फुगवत होतं, घामानं ओला झालेला सदरा होता. घरात घाबरलेली बायको, सात-आठ वर्षांची पोर. पायी निघावं तर रस्त्यावर कोण भेटेल ठाऊक नाही. सांगावं तर बायकोचा उरलासुरला धीर जाणार. म्हणून त्यांनी तिला अभिमानाची थाप मारली आणि शेजारी पोचवली. मग खुर्ची टाकून बसले. घरात माणूस सापडला की कडब्याच्या खोल्या कुणी शोधत नाही, असा हिशेब त्यांनी केला असेल का? मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही.

"खोटं आहे!" सुरय्या पडद्यातून धावत आली. "अब्बा भ्याले नव्हते. गाडी नंतर तुटली असेल. कुणीतरी तोडली असेल. तुम्हाला काय माहीत?" ती माझ्यावर ओरडत होती. "तुम्ही आमच्या घरात येऊन माझ्या अब्बांना पळपुटं ठरवलंत! तुमच्या गाडीसाठी!"

"सुरय्या," रुकय्याबी म्हणाल्या.

"ते गेले नाहीत! सगळं गाव सांगतं, ते गेले नाहीत!"

"जायला निघाले होते, बेटा. तुला घेऊन."

पोरगी आत पळाली आणि तिनं दार लावून घेतलं.

गुंडू मिस्त्री अजून भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात तेलाचे असल्यामुळं पुसताही येत नव्हतं. "आज ऱ्हाऊ द्या, बाई," तो मला म्हणाला. "पुन्यांदा बघू."

"नको," रुकय्याबी म्हणाल्या. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली. "दुसऱ्या बाजूचा चांगला असेल तर काढ. डॉक्टरबाईंना पाहिजे. कुणी बाई वाट बघत असेल."

मिस्त्रीनं मोडका दांडा आणि चाक तात्पुरतं परत बसवलं आणि आम्ही गाडी ढकलून भिंतीपासून बाजूला घेतली. मी ढकलली, मिस्त्रीनं ढकलली आणि रुकय्याबींनीही हात लावला. डावा दांडा शाबूत निघाला, दात्यांसकट. मिस्त्री तो फडक्यात गुंडाळून निघाला आणि जाताना, जमिनीकडं बघत म्हणाला, "बीबी, मी कुनाला बोलनार न्हाय. वकीलसाहेबाचं नाव हाय ते ऱ्हानार."

"का बोलणार नाहीस?" त्या म्हणाल्या. "बोल. सांग सगळ्यांना. भ्याले होते म्हणून सांग. बायकापोरांना घेऊन पळत होते म्हणून सांग. माझा माणूस होता तो. पुतळा नव्हता."

दोन-तीन दिवसांत माझी गाडी चालू झाली. हाशम वकिलांच्या एक्सलवर मी पुढं अनेक वर्षं तो जिल्हा फिरले. खालच्या अंगाला सास्तूरपर्यंत, वरच्या अंगाला भूम-परांड्यापर्यंत. उतार लागला की सुरुवातीला माझी नजर डावीकडं जायची. हळूहळू ते गेलं. पण गाडी चालू करून पहिला गियर टाकला आणि ती हलली, की दरवेळी हाशम वकील आठवायचे. एवढंच तर हवं होतं त्या माणसाला. गाडीनं हलायला हवं होतं.

आणि गावानं काय केलं? मिस्त्रीनं सांगितलं, मीही सांगितलं. हेडमास्तरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "असेल, असेल. पण डॉक्टरबाई, ते गेले नाहीत हे तर खरं ना?" पुढच्या खेपेला ते कुणा पाहुण्याला तीच गोष्ट जशीच्या तशी सांगताना मी ऐकलं. दारात मोटार उभी असताना गेले नाहीत. मला राग आला नाही. मला वाटतं, त्या गावाला तो शूर माणूस हवाच होता. तो मरायला तयार होता असं म्हटलं की त्याला कुणी मारलं, आणि तेव्हा आपण कुठं होतो, हे प्रश्न जरा मागं सरतात. भ्यालेला बाप, ओरडणारं इंजिन आणि आतमध्ये गाठोडं घेऊन उभी असलेली बाई, हे पचायला जड होतं. शेजारपाजारच्या घरांत तो आवाज गेलाच असणार. मोटारीचा आवाज तेव्हा दोन गल्ल्या पलीकडं जायचा.

रुकय्याबी मात्र बदलल्या. त्या दवाखान्यात यायला लागल्या. आधी दुखण्याच्या निमित्तानं, मग निमित्ताशिवाय. बसायच्या, नवऱ्याबद्दल बोलायच्या. त्यांना कारल्याची भाजी आवडायची नाही, ते झोपेत अशिलांशी बोलायचे, सुरय्या झाली तेव्हा त्यांनी बर्फी वाटताना स्वतःच निम्मी खाल्ली. इतक्या वर्षांत त्या असं काही बोलल्या नव्हत्या, असं शेजारच्या पाटलीणबाई मला म्हणाल्या. एकदा हसतासुद्धा पाहिलं मी त्यांना.

सुरय्या माझ्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसली की दुसरीकडं बघायची. तिचं लग्न झालं, नवरा शाळामास्तर, चांगला होता. मला बोलावणं आईनं दिलं, मुलीनं नाही.

पुढच्या की त्याच्या पुढच्या थंडीत ती बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या आणि तिला माझ्याकडंच आणलं, कारण दुसरीकडं न्यायला जागाच नव्हती. अवघड बाळंतपण होतं. तिनं माझा हात धरला, पण माझ्याकडं बघितलं नाही. दुपारी मुलगी झाली. लहानशी, काळ्याभोर केसांची, रागानं लालबुंद. आम्ही तिला पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत दिलं. रुकय्याबी बाहेर सगळ्यांना सांगायला गेल्या. सखू पाणी आणायला गेली. खोलीत आम्ही दोघीच उरलो.

सुरय्या पोरीकडं बघत होती. तिची बोटं मोजल्यासारखी एकेक उघडून बघत होती. मी निघणार तेवढ्यात ती बोलली. अंगणातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"डॉक्टरबाई."

"काय गं?"

"आता कुणी आलं ना मारायला," ती म्हणाली, पोरीवरची नजर न काढता, "तर मी आधी हिला घेऊन पळेन."